फेन्नेच्या हातावरचा उजेड

चित्रात, मधोमध

एक बाई बसली आहे. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर कापडाचा तागा, उजव्या हातात बारीक चिमटा. विणताना कापडात राहून गेलेल्या गाठी ती वेचून काढते आहे. मान खाली. चेहरा शांत.

ही फेन्ने. शांत-बिंत काही नव्हती. तिडेमान साहेब ब्रश चालवत होते त्या घडीला ती मनातल्या मनात गिरणीच्या मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

गिरणीची गाडी दर मंगळवारी यायची. वेचलेला तागा घेऊन जायची, कोरा टाकून जायची. मुकादम वेचलेला तागा गिरणीतल्या मोठ्या खिडकीपाशी आडव्या दांडीवरून ओढायचा आणि राहिलेली गाठ दिसली की तिथे लाल दोरा बांधायचा. असा दोरे लागलेला तागा पुन्हा त्याच घरी यायचा. गाडीवरून येताना ते लाल दोरे वाऱ्यावर फडफडत आणि अख्खा गाव ते मोजे.

उन्हाळ्यात फेन्नेच्या ताग्याला एकही दोरा नसायचा, कारण उन्हाळ्यात ती दाराबाहेर बसायची. पण आस्तरलोच्या माळावरचा उन्हाळा म्हणजे घाईतला पाहुणा, कॉफी घेतली की उठला. सप्टेंबरच्या पावसाने तिला आत ढकललं आणि पहिल्याच आठवड्यात चार दोरे आले. पुढच्या आठवड्यात सात. सातव्या दोऱ्याबरोबर निरोपही आला. गाडीवाल्याने तो घोड्याच्या आयाळीकडे बघत सांगितला: नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणापर्यंत चालवून घेतील. सणानंतरच्या पहिल्या मंगळवारी जाणाऱ्या ताग्याला एक जरी दोरा बांधावा लागला, तर पुढचा तागा दुसऱ्या घरी जाईल.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात सासू, एक गाय, एक बकरी. तागा गेला तर काय उरतं, हे कळायला फेन्नेला बोटांवर मोजावं लागत नव्हतं.

त्या घराला खिडकी एकच, उत्तरेला, पंज्याएवढ्या आठ काचांची. तिचा उजेड चुलीपर्यंत यायचा आणि तिथेच बसकण मारायचा. चूल म्हणजे जमिनीतला खड्डा. धुराडं नव्हतंच, धूर आढ्याला जायचा आणि जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडायचा. घराच्या एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला जनावरं, मध्ये धूर. दक्षिणेची भिंत कुडाची आणि आंधळी. फेन्नेची बसायची जागा त्या भिंतीला लागून, कारण जमीन तेवढीच सपाट होती आणि तागा पसरता येत होता.

त्या भिंतीत तिला एक खिडकी हवी होती. बाकी काही नको.


चित्रात नाही: वेसेल

वेसेल चित्रात कुठे नाही, पण जागा त्याची. फेन्नेचं घर त्याच्या मालकीचं, गावातली खानावळ त्याची, आणि खानावळीच्या माडीवर उतरणारे चित्रकार यायचे ते फेन्नेचं घर बघायला. आजूबाजूच्या गावांत लोकांनी धुराडी बांधली, खिडक्या पाडल्या, भिंतींना चुना दिला. असलं काळंमिट्ट जुनं घर आता पंचक्रोशीत हे एकच उरलं होतं. लोक लोणी जपतात तसा वेसेल तो अंधार जपायचा.

जूनमध्येच तिने त्याला विचारलं होतं. खिडकी मी आणते, तुम्ही नुसतं हो म्हणा. तो म्हणाला, दोनशे वर्षं हे घर एका खिडकीवर उभं आहे, कोण मेलं? ती म्हणाली, मेलं कुणी नाही, पण पूर्वीचं सूत सुतळीसारखं होतं, गाठ बोटाला लागायची. यंदापासूनचं गिरणीचं सूत केसाएवढं. तो म्हणाला, ॲमस्टरडॅमचे लोक इथे उजेड बघायला येत नाहीत, उजेड त्यांच्याकडे ढिगाने पडलाय.

तिच्या हातात आणखी एक गोष्ट होती, पण ती एकदाच चालवता येण्यासारखी होती.

आस्तरलोत प्रत्येक घराला एक पहिला शेजारी असतो. तो आपण निवडायचा नसतो. चर्चच्या बाजूचं लगतचं घर ज्याचं, तो पहिला शेजारी. बाळंतपण, मरण आणि घराची डागडुजी, या तीन वेळी शेजारधर्म मागितला की त्याने हातातलं काम टाकून यायचं. मग तुमच्यात भांडण असो, नाहीतर तो तुमचा मालक असो. फेन्नेचा पहिला शेजारी वेसेलच होता. पण मागायलाही रीत होती. चारचौघांत मागायचं, आणि मागितल्यावर शेजाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा: गरज की हौस? उत्तर मागणाऱ्याने द्यायचं नाही. जमलेल्यांनी द्यायचं. ते 'हौस' म्हणाले, की मागणाऱ्याचं हसं होतं आणि वर्षभर त्याला तोंड उघडता येत नाही.

आणि दोनशे वर्षं जे जसं चाललं, ते बदलण्याला आस्तरलोत कुणी गरज म्हणत नसे.

फेन्ने थांबली. थांबली म्हणजे गप्प बसली, असं मात्र नव्हे.


चित्रात, चुलीवर: काळी किटली

तिडेमान साहेबांचं हे दुसरं वर्ष. माणूस वाईट नव्हता. उंच, बारमाही सर्दीचा, सगळ्या खिशांत रंगाच्या चिंध्या. त्यातलीच एखादी चिंधी नाकाला लावायचा, म्हणून नाक कधी निळं, कधी तपकिरी.

पहिल्या वर्षी, पहिल्याच दिवशी घोटाळा झाला होता. शहराचा मोठा माणूस आपलं घर रंगवणार म्हटल्यावर फेन्ने आणि सासू दोन दिवस खपल्या. किटली वाळूने घासून घासून सूर्यासारखी केली. जाळीजळमटं काढली. जमिनीवर पांढरी वाळू पसरून तिच्यावर केरसुणीच्या टोकाने वेलबुट्टी काढली, सणाला काढतात तशी. कोंबड्या कोंडल्या. साहेब दारात आले, बघत राहिले, आणि तोंडावर हात ठेवून उंबऱ्यावर बसले. सासूला वाटलं, यांच्याकडे कुणी वारलं. मग साहेबांनी अगदी हळू विचारलं, की ती काजळी कुठे गेली?

काजळी परत आणायला पाच दिवस लागले. ओलं जळण जाळावं लागलं. तेव्हापासून सासूचं, म्हाताऱ्या आल्केचं, एकच पालुपद: "जन्मभर घासलं, तर कुत्रं फिरकलं नाही. उकिरडा केला, तर सरदार दारात."

ऑक्टोबरात बटाटे निघाले, दिवस आखडले. साहेबांनी कॅनव्हास लावला, फेन्नेला तागा घेऊन भिंतीपाशी बसवलं. हात स्थिर ठेवा म्हणाले. ती म्हणाली, हात स्थिर ठेवायचे तर मंगळवारी गाडीवाल्याला काय तुमचं चित्र देऊ? शेवटी ठरलं, की ती काम करत राहील आणि साहेब जमेल तसं धरतील. पण हे अर्धवट चित्र बघायचं नाही, ही त्यांची अट. रोज जाताना ते त्यावर चादर टाकत.

चौथ्या दिवशी मान वर न करता तिने विषय काढला.

"साहेब, वेसेल तुमचा शब्द मोडत नाहीत. ह्या भिंतीत एक खिडकी पाडू द्या, असं त्यांना सांगता का?"

ब्रश थांबला. "कुठल्या भिंतीत?"

"ही, माझ्या खांद्याला लागलेली."

"नको हो, फेन्नेबाई. असं घर आता देशात शोधून मिळत नाही. एक खिडकी पाडलीत, की गेलं सगळं."

"काय गेलं?"

साहेबांनी ब्रशने आढं दाखवलं, धूर दाखवला, कोपऱ्यात पेंगणारी बकरी दाखवली. "हे. हे सगळंच."

"बकरी काही खिडकीतून पळून जायची नाही, साहेब."

ते हसले. मग गंभीर झाले आणि मनापासून म्हणाले, की पुढच्या वर्षी ते दोन चित्रं काढतील, दोन्हींत फेन्नेच असेल, तिला बसण्याचे पैसेही दुप्पट मिळतील. फेन्नेने मान डोलावली. तिचा हिशेब वेगळा होता. चित्र वर्षातून एकदा, तागा दर मंगळवारी. शिवाय चित्राचं काय, आज अंधार आवडतो, उद्या ह्यांना समुद्र आवडेल.

विचारून झालं, असं तिने त्या दिवशी ठरवलं. आता आणायचं.


चित्रात, आढ्याला: दोन फरे

आधी तीन होते. डुकराचे खारवलेले फरे, धुरावर टांगलेले. दुसऱ्या फऱ्याच्या बाजूला तपकिरी रंगाचा एक जाड डाग आहे, तिथे तिसरा होता.

लाकडी जोडे कोरणारा ग्रादुस गावाच्या खालच्या अंगाला राहायचा. शेजारच्या गावातली जुनी शाळा पाडली, तेव्हा त्याने तिथून एक चौकट आणली होती. ओकच्या लाकडाची, बारा काचांची, एकही काच फुटलेली नाही. ती त्याच्या पडवीत उभी होती आणि त्याची बायको तिच्यावर मोजे वाळत घालायची. फेन्नेने विचारलं, काय घेणार? ग्रादुसला चार मुलगे, सगळे खाणारे. तो म्हणाला, मोठा फरा.

फेन्ने शिडीवर चढली. खालून आल्के म्हणाली, "हिवाळ्यात काय काचा चावायच्या?"

"चावू."

म्हातारी चाचपडत आली आणि तिने दोन्ही हातांनी शिडी धरली.

चौकट गोठ्यात ठेवली, पोत्यात गुंडाळून. दुसऱ्या दिवशी साहेब आले, बसले, आढ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं.

"इथे तिसरा होता."

"होता."

"मग कुठे गेला?"

"त्याची खिडकी झाली."

साहेबांना ती खेड्यातली काहीतरी म्हण वाटली असावी. त्यांनी उसासे टाकत तिसऱ्या फऱ्यावर तपकिरी रंग फासला, आणि दोन दिवस म्हणत राहिले की डावी बाजू हलकी झाली.

गोष्ट लपून राहणारी नव्हती. ग्रादुसच्या बायकोने मोजे वाळत घालायला आता जागा नाही, हे विहिरीवर सांगितलं आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत ते वेसेलला कळलं. तो दारात येऊन उभा राहिला. रागावला नाही. खिडकी ठेव, म्हणाला, पण गोठ्यातच ठेव, गाईला बाहेरचं दिसेल. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते खानावळीतही सांगितलं. पुढचे तीन आठवडे फेन्ने रस्त्याने निघाली की कुणी ना कुणी विचारायचं, गाय काय म्हणतेय, शाळा भरली का? ती म्हणायची, भरली, तुझ्यासाठी एक बाक रिकामा ठेवलाय.

त्या तीन आठवड्यांत तिला नऊ लाल दोरे आले. सण जवळ येत होता.


चित्रात, उजवीकडे, अंधारात

तिथे आल्के आहे. बघणाऱ्याला टोपीची कड दिसते, बाकी काही नाही. साहेबांनी तिला चार दिवस बसवलं आणि शेवटी अंधारात बुडवलं. तिची तक्रार नव्हती. ती म्हणाली, मलाही मी एवढीच दिसते.


चित्रात, हातावर

मार्टिनचा सण झाला. पोरांनी सुरणासारख्या जाड कंदांचे दिवे कोरून गाणी म्हटली, कुट्टूचे घावन खाऊन पोटं बिघडवून घेतली. सणानंतरच्या रविवारी प्रार्थना सुटली, तेव्हा वेसेलने चित्र खानावळीत मांडलं. ॲमस्टरडॅमचा एक व्यापारी बुधवारी येऊन ते नेणार होता. खालचा एक कोपरा साहेबांना अजून करायचा होता, पण त्याआधी गावाला दाखवू, म्हणजे चार पेले जास्त खपतील, असा वेसेलचा विचार. चित्र त्याने मोठ्या खिडकीपाशी ठेवलं. वेसेलच्या खानावळीला पाच खिडक्या होत्या.

फेन्नेचा तागा घरी तयार होता. मंगळवारी जायचा तोच. सगळा वेचून झाला होता, तिच्या डोळ्यांना जेवढा दिसला तेवढा.

लोक चित्र बघायला लागले. त्यांची बघायची पद्धत आपली. एकाने फरे मोजले. एकाला बकरी आपली वाटली. ग्रादुसने चित्रातले लाकडी जोडे बराच वेळ न्याहाळले आणि दोन्ही एकाच पायाचे आहेत, असा निकाल दिला. साहेब कसनुसं हसत नाक पुसत होते.

फेन्ने पुढे झाली. चित्र ती पहिल्यांदाच बघत होती, आणि कापड बघते तसंच तिने ते बघितलं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, ओळीने, घाई न करता. चेहऱ्यापाशी ती थांबली नाही. हातापाशी थांबली. एकेक बोट वेगळं दिसत होतं. नखाची कड दिसत होती. चिमट्याचं टोक, टोकात सुताचा तुटका धागा, आणि धाग्यावर मोहरीच्या दहाव्या हिश्शाएवढी गाठ. तिने स्वतःचा हात काम करताना घरात कधी असा पाहिला नव्हता.

मग ती उजेड उलटा चालत गेली. हातावरून मनगटावर, मनगटावरून बाहीवर, बाहीवरून डावीकडे, चित्राच्या कडेपर्यंत. तिथे चित्र संपत होतं.

"साहेब, ह्या हातावरचा उजेड आला कुठून?"

"म्हणजे? खिडकीतून."

"खिडकी उजवीकडे आहे, सासूबाईंच्या मागे. तिचा उजेड त्यांच्या टोपीला लागला आणि तिथेच संपला, ते तुम्ही बरोब्बर काढलंय. पण चिमट्याची सावली बघा. उजवीकडे पडलीय. म्हणजे उजेड डावीकडून येतोय. डावीकडे तर भिंत आहे."

ग्रादुस जोडे सोडून वर बघायला लागला. "खरंच की," तो म्हणाला. "भिंतच आहे तिथे. चौकट पोचवली तेव्हा मी हात लावून बघितलीय."

साहेबांचं नाक त्या दिवशी हिरवं होतं, बाकी चेहरा लाल झाला. पण माणूस खोटं बोलणारा नव्हता.

"तो मी घातला," ते म्हणाले. "आधी जसा होता तसाच काढत होतो, तीन आठवडे. हात दिसेचना. काळ्यावर काळं. आणि हात दिसला नाही, तर बाई काय करतेय तेच कळत नाही. मग मी धरून चाललो, की डावीकडे एक खिडकी आहे."

"कुठे धरलीत? किती उंच?"

साहेबांनी नकळत हात उचलला आणि हवेत दाखवलं. खांद्याच्या वर थोडी. रुंदी एवढी.

"माझी चौकट," ग्रादुस म्हणाला. "बोटभरसुद्धा फरक नाही."

कुणीतरी हसलं. फेन्ने हसली नाही. ती वळली, वेसेलच्या समोर गेली आणि रीतीप्रमाणे उजवा हात टेबलावर उपडा ठेवला.

"वेसेल, मी शेजारधर्म मागते. दक्षिणेची भिंत उघडायची आहे. उद्या सकाळी."

वेसेलने हातातला पेला पुसून पूर्ण केला, खाली ठेवला. त्याला उत्तर ठाऊक होतं, म्हणून प्रश्न त्याने मोठ्याने विचारला, सगळ्यांकडे बघून, ओठांत हसत. गरज की हौस?

कोपऱ्यातला एक म्हातारा विणकर म्हणायला लागला, की आता दोनशे वर्षं म्हटल्यावर... पण त्याचं वाक्य पुरं झालं नाही. शेकोटीपाशी बसलेली आल्के बोलायला लागली होती.

"त्या भिंतीपाशी माझ्या आजेसासूने गाठी वेचल्या. मग सासूने. मग मी. तिघींचेही डोळे पन्नाशीला गेले. कोण मेलं, असं तू विचारत होतास ना रे, वेसेल? कुणी नाही मेलं. बसून राहिलो."

मग ग्रादुस, ज्याला सवयीने प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायला लागायची, सावकाश म्हणाला:

"साहेबांना हात नुसता काढायचा होता. त्यांनाही खिडकीवाचून जमलं नाही. हिला त्या हाताने काम करायचंय." त्याने टेबलावर बोट आपटलं. "गरज."

"गरज," त्याची बायको म्हणाली. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. म्हाताऱ्या विणकरानेही म्हटलं. शाळेची चौकशी करणारा होता तो सगळ्यात शेवटी, पेल्यात तोंड घालून, पण म्हणाला.

वेसेलने तिडेमान साहेबांकडे बघितलं. साहेब चित्राकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, बुधवारपर्यंत थांबता येईल का? एकच कोपरा राहिलाय.

"गाडी मंगळवारी येते, साहेब."

"मालक म्हणून मी अजूनही नाहीच म्हणतो," वेसेल म्हणाला.

"मालकाला मी विचारलंच नाही," फेन्ने म्हणाली. "शेजाऱ्याला विचारलं."


चित्राच्या डाव्या कडेबाहेर

सोमवारी फटफटलं तेव्हा वेसेल गाडी घेऊन दारात उभा होता. गाडीत चिकणमाती, पेंढा, करवत, दोन कुदळी. पहिला शेजारी येतो तो रिकाम्या हाताने येत नाही आणि पहिला घाव त्याचाच असतो. त्याने भिंतीवर कोळशाने चौकोन आखला, पुसला, पुन्हा आखला. काम मनाविरुद्ध होतं, पण वाकडं झालं तर नाव वेसेलचं जाणार होतं.

साहेबही आले होते. ते घाईघाईने कॅनव्हास लावून कोपरा करायला बसले, भिंतीकडे पाठ करून, शेवटचं घटकाभर मिळेल तेवढं धरायला.

पहिला घाव बसला, तसा मातीचा मोठा लपका आत पडला. दुसऱ्याला कुडाच्या काठ्या दिसल्या, काळ्या आणि टणक, कुणा खापरपणज्याने विणलेल्या. काठ्यांच्या आत पेंढा होता, अजून पिवळा. वेसेल तो पेंढा हातात धरून क्षणभर बघत राहिला, मग बाजूला ठेवला. ग्रादुसने करवत घेतली.

आणि मग भोक पडलं.

चित्रातला उजेड मधाच्या रंगाचा होता, तो फक्त हातावर पडला होता. हा तसा नव्हता. नोव्हेंबरचा पांढरा, गार, कुणाची भीडभाड न ठेवणारा. तो एकदम आत शिरला आणि सगळ्यांवर पडला. किटलीवर, जळमटांवर, आढ्याच्या दोन फऱ्यांवर, जमिनीवर सांडलेल्या दोनशे वर्षांच्या मातीवर. बकरी उठून उभी राहिली. आल्केने त्या बाजूला तोंड फिरवलं आणि विचारलं, कोण आलं?

साहेबांचा ब्रश हवेतच होता. ते वळून बघत होते. त्यांच्या कोपऱ्यात जो अंधार काढायचा राहिला होता, तो खोलीत आता कुठेच नव्हता.

चौकट बसली. वेसेलने कडांना माती लिंपली, पेंढा कोंबला, अंगठ्याने फटी दाबल्या. मागे सरकून बघितलं. चौकट सरळ होती. त्याने बाहीने काचा पुसल्या आणि एका काचेपाशी थांबला.

"ही एवढी स्वच्छ कशी?"

"गाईने चाटलीय," फेन्ने म्हणाली. "शाळेत जात होती ना."

वेसेलला हसू आवरलं नाही. मग आपण हसलो याचा त्याला राग आला, आणि तो गाडी घेऊन निघून गेला. जाताना त्याने कुदळ विसरल्यासारखी ठेवली. खाली थोडी माती खचली तर लागेल म्हणून.

फेन्नेने हात धुतले. वेचून तयार असलेला तागा सोडला आणि खिडकीखाली पसरला. पहिल्याच हातभर कापडात तिला गाठ दिसली. तिने ती काढली. वीतभर पुढे दुसरी. पुढच्या हातभरात तीन. हे सगळे लाल दोरे होते, उद्या सकाळी गाडीवर चढणारे. तिने मोजणं सोडून दिलं, स्टूल खिडकीला लावलं आणि बसली.

साहेब कॅनव्हासपासून उठले. मग त्यांनी विचारलं, तासभर आधीसारखं बसाल का? मान थोडी खाली, तशी. कोपऱ्याचं मी बघतो कसंतरी, आठवून.

"बसलेलीच आहे, साहेब. पण मान आता तेवढी खाली जायची नाही."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. जुना कोपरा त्यांनी तसाच सोडला. पिशवीतून एक कोरा कागद काढला, लाकडी ओंडक्यावर बसले आणि कोळशाने काढायला लागले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. चिमटा चालत होता. दुपारी आल्केने काळा पाव आणि कॉफी तिच्या गुडघ्यापाशी आणून ठेवली, कॉफी तिथेच गार झाली. चार वाजता उजेड ओसरायला लागला, तेव्हा तागा तीन हात उरला होता. फेन्ने उठली, ताग्याचं ते टोक उचलून थेट काचेला लावलं, आणि उभ्या उभ्या वेचत राहिली.


चित्रात नाही: लाल दोरा

पुढच्या मंगळवारी गाडीवाल्याने कोरा तागा उतरवला. जुन्यातलं परत काहीच आलं नव्हतं. मुकादमाने म्हणे तो दांडीवरून दोनदा ओढून बघितला, मग विचारलं, त्या बाईने डोळे बदलून घेतले की काय?

फेन्नेने तागा खांद्यावर टाकला. गाडीवाल्याला म्हणाली, त्याला सांग, पुढच्या खेपेला दोन पाठव.